चाचांच्या नंबरावरचे पॉइंट

विमान कंपन्यांच्या पॉइंट योजनांपैकी कोणती घ्यावी, हे मी जवळा बाजारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात शिकले. असं सांगितलं की गुवाहाटीतले माझे मित्रमैत्रिणी हसतात. खुशाल हसोत. त्यांच्यातल्या निम्म्यांचे पॉइंट मुदत संपून गेलेत आणि उरलेल्यांना आपण कोणत्या योजनेचे सभासद आहोत हेही आठवत नाही. माझे पॉइंट पाच वर्षं जिवंत राहिले. त्यात माझं कर्तृत्व शून्य, आणि तेच सांगायला बसले आहे.

आमचं गाव जवळा बाजारापासून चार-पाच किलोमीटरवर. बाबा शेती करतात, आई गावातली पिठाची गिरणी चालवते. जवळ्याच्या आठवडी बाजाराला ती पिशवी घेऊन जाते, आणि बाजाराच्या तोंडालाच ऑनलाइन सेंटर आहे. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, पीकविमा, रेल्वे, विमान असं बरंच काही लिहिलंय, पण सगळे त्याला नुसतं सेंटर म्हणतात. चालवणारे गृहस्थ साठीकडे झुकलेले. त्यांचे वडील याच जागेत घड्याळं दुरुस्त करायचे. आता सगळं गाव यांना चाचा म्हणतं. माझा दहावीपासूनचा प्रत्येक फॉर्म चाचांनीच भरलेला.

चाचांना एक खोड आहे. ते अटी व शर्ती वाचतात. तुम्ही-आम्ही त्या चौकोनात बिनदिक्कत टिचकी मारून पुढे जातो, चाचा तिथं थांबतात. एकदा एका पोरीचा शिष्यवृत्तीचा अर्ज अगदी तळाच्या बारीक ओळीपायी परत आला होता. तेव्हापासून ते कुणाच्याही नावानं ‘मी वाचले आहे’ असं खोटं सांगत नाहीत. ग्राहक कितीही घाई करो, चाचा वाचणार. मला लहानपणी याचा भयंकर कंटाळा यायचा. आता वाटतं, अशी दोन-चार माणसं प्रत्येक तालुक्यात असती तर बरं झालं असतं.

मला गुवाहाटीला पीएचडीला प्रवेश मिळाला तेव्हा हजर व्हायची तारीख डोक्यावर आली होती. रेल्वेनं जायचं तर दोन ठिकाणी गाडी बदलून तीन दिवस जाणार. म्हणून पहिला प्रवास विमानानं करायचं ठरलं आणि तिकीट काढायला मी आईबरोबर सेंटरवर गेले. जायच्या आधी नेटवर बसून भरपूर वाचलं होतं. कोणत्या कंपनीची सभासद व्हायचं हे मनात पक्कं होतं. त्या कंपनीच्या कार्डाचं चित्रसुद्धा मोबाइलमध्ये साठवून ठेवलं होतं.

“चाचा, तिकीट काढायच्या आधी मला ह्या कंपनीचं सभासद करा,” मी म्हणाले.

“काहून?”

“यांचे पॉइंट जगात कुठंबी चालतेत. पॅरिसला जाता येते. अन चांदीचा दर्जा मिळाला की विमानतळावर वेगळ्या खोलीत बसवतेत. खाणंपिणं फुकट.”

“चांदीचा दर्जा कवा मिळते?”

मी वाचून दाखवलं. वर्षाला निदान पंचवीस फेऱ्या.

“अन तू घरी कितीदा येणार हायेस?”

“दोनदा. जमलं तर तीनदा.”

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. “मंग चांदी तुझ्या नातवाला मिळंल, बेटा.”

आई खळखळून हसली. मला राग आला. राग माझ्या नाकावर असतो, हे गावात सगळ्यांना माहीत आहे, चाचांना तर जास्तच. ते शांतपणे म्हणाले, “तिकिटाचं उद्या बघू. मला आज गुवाहाटीला जाणाऱ्या तिन्ही कंपन्यांचे कागद वाचू दे.” आणि त्यांनी खरोखरच तीन कंपन्यांच्या योजनांचे नियम छापायला घेतले. कोरा कागद वाया जाऊ नये म्हणून बिघडलेल्या पीकविमा अर्जांच्या पाठीवर. एका बाजूला सोयाबीनचा गट नंबर, दुसऱ्या बाजूला विमानाचे नियम.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर तिन्ही गठ्ठे टाचून ठेवलेले, लाल पेनानं रेघा मारलेल्या. आयुष्यात कधी विमानात न बसलेल्या माणसानं मला जे सांगितलं, ते मी नंतर कितीतरी मुलांना सांगितलं आहे. ते म्हणाले, “बेटा, हे कार्ड कुठवर नेते ते बघू नको. तू कुठं जातीस ते बघ.” आम्हाला सोयीचा विमानतळ हैदराबादचा, आणि माझ्या चांदीवाल्या कंपनीचं तिथून गुवाहाटीला सरळ विमानच नव्हतं. दिल्लीला वळसा घालून जायचं आणि तिकीटही महाग. म्हणजे पॉइंट मिळवण्यासाठी आधी उगाचच दिल्ली बघायची. दुसरीचं विमान सरळ होतं, पण पॉइंट वर्षभरात वापरा नाहीतर सोडा. “तू वर्षाला दोनदा येणार. वर्षात तिकिटापुरते पॉइंट होतच न्हाईत. म्हंजे हे फक्त दाखवायला हायत.” तिसरी कंपनी साधी. खोली नाही, चांदी नाही, पॅरिस तर नाहीच. पण तिचं विमान हैदराबादहून सरळ जायचं, आणि खात्यात दीड वर्षात एकदा जरी काही हालचाल झाली तरी सगळे पॉइंट पुढं जिवंत राहायचे.

“हे बराबर हाय तुझ्यासाठी,” चाचा म्हणाले. मी तोंड वाकडं केलं. त्या तिसऱ्या कंपनीच्या कार्डाचा रंग सरकारी कपाटासारखा होता.

आई स्टुलावर बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, “भाई, ह्या पॉइंटावर तिकीट दुसऱ्याला काढता येते काय?”

चाचांचा हात थांबला. हा प्रश्न ना मला सुचला होता ना त्यांना. त्यांनी पुन्हा गठ्ठे उलटले. दुसऱ्या कंपनीत फक्त स्वतःला. तिसरीत, अकराव्या पानावर, पाच नावं देता येत होती. “येते, वहिनी. पाच जणं.”

“मंग माझं नाव लावा. हिला पदवी देतेत तवा मला बघायला जायचंय.”

गिरणीत बाया दळणाचा डबा रांगेत ठेवतात, तसं तिनं आपलं नाव त्या रांगेत ठेवलं. मी तिच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, “व्हय माय, नेते की.” त्या वयात होकार द्यायला काही लागत नाही. चाचांनी आईचं आधार कार्ड मागून तिचं नाव भरलं, माझा सभासद क्रमांक छापला आणि लॅमिनेट करून माझ्या हातात दिला. चाचांच्या हातून कागद सुटतो तो प्लॅस्टिक चढूनच.

मोबाइल नंबरच्या रकान्यात त्यांनी काय भरलं, ते मी बघितलं नाही. बघायची गरज वाटली नाही, कारण आमच्याकडे तो रकाना सेंटरचाच असतो. बाहेरच्यांना हे विचित्र वाटेल. पण गावात एका घरात एक फोन, तो बहुतेक शेतात. तिथं रेंज नाही. रिचार्ज संपला की नंबर बदलतो. ओटीपी यायचा तो नेमका माणूस औत धरून उभा असताना. म्हणून पीकविमा असो की परीक्षेचा फॉर्म, लोक सांगतात, “तुमचाच नंबर टाका.” चाचांनी त्यासाठी एक जुना बटणाचा फोन वेगळा ठेवला आहे. तो खिळ्याला दोरीनं टांगलेला असतो. अर्ध्या तालुक्याचे ओटीपी त्या फोनवर येतात, आणि आजवर त्यातला एक इकडचा तिकडे झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

मग मी गुवाहाटीला गेले. वर्षातून दोनदा यायचे-जायचे, कधी एक बाजू रेल्वेनं. दरवेळी थोडेसे पॉइंट जमायचे. प्रयोगशाळेतली एक मैत्रीण तिच्या चमकदार कार्डाबद्दल बोलायला लागली की मी माझं लॅमिनेट केलेलं कार्ड पाकिटात आणखी खाली सरकवायचे. तिसऱ्या वर्षी गाइडनी मला प्रयोगांसाठी हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत पाठवलं. तिथं मी जवळजवळ दोन वर्षं राहिले. हैदराबादहून नांदेड रेल्वेनं, पुढं बस. विमानाचा संबंधच उरला नाही. पॉइंट म्हणून काही आपल्या नावावर आहे, हे मी साफ विसरले.

त्याच काळात आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. वीस वर्षं दळणाचे डबे उचलल्याचं ते फळ होतं. नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं, ओझं उचलायचं नाही आणि फार वेळ एका जागी बसायचं नाही. तिनं दोन्ही गोष्टी मान्य केल्या, गिरणी मात्र सोडली नाही. डबे बाबा उचलायला लागले. ती उभी राहून गिरणी चालवायची, पीठ बोटांनी चोळून बघायची आणि बायांना सांगायची, “थांब, आणखी बारीक देते.”

गुवाहाटीला परतून मी प्रबंध पूर्ण केला. तोंडी परीक्षा झाली. मग एक दिवस दीक्षान्त समारंभाचं पत्र आलं. मी घरी फोन केला. आईनं पहिला प्रश्न विचारला, “कवा हाय?”

मी तारीख सांगितली आणि घाईघाईनं पुढचं बोलून टाकलं. “माय, रेल्वेनं तुला तीन दिवस बसवणार न्हाई मी. अन विमानाचं भाडं ह्या टायमाला बघवत न्हाई. माझी फेलोशिपबी संपलीया. मी व्हिडिओ दाखवते तुला, थेट.”

मागं गिरणीची घरघर चालू होती. ती म्हणाली, “ते पॉइंट हायत ना.”

“ते गेले असतील, माय. दोन वर्षं मी विमानात बसले न्हाई.”

“असे कसे जातील?” ती म्हणाली. तिचा आवाज मला नीट कळला नाही. मला वाटलं तिला वाईट वाटलंय, आणि स्वतःचाच राग आला. अशा वेळी माझा राग बाहेर जागा शोधतो.

तरी एकदा बघावं म्हणून कंपनीच्या पानावर गेले. पासवर्ड आठवत नव्हता. नवा मागितला तर पडद्यावर आलं, तुमच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. माझा मोबाइल हातातच होता आणि गप्प होता. शेवटचे दोन आकडे बघितले, ते माझे नव्हते. ईमेलही माझा नव्हता. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि त्यापाठोपाठ तिडीक गेली. म्हणजे पाच वर्षं माझ्या खात्याची प्रत्येक सूचना जवळा बाजारात खिळ्याला टांगलेल्या फोनवर जात होती.

मी चाचांना फोन लावला. नेमका बाजाराचा दिवस होता, मागं भाजीवाल्यांचा गलका. मी नमस्कारही केला नाही. “चाचा, माझ्या खात्यावर तुमी तुमचा नंबर काहून टाकला? मुदत संपायच्या सूचना सगळ्या तुमच्याकडं आल्या असतील. मला एक शब्द सांगावा वाटला न्हाई? मायला न्यायचं होतं मला!”

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बेटा, दुकानात गर्दी हाय. तकलीफ नसंल तर दहा मिनिटं थांब.” मी फोन आपटला. ती दहा मिनिटं मी खोलीत येरझाऱ्या घातल्या आणि चाचांना सुनवायची आणखी चार वाक्यं तयार केली. त्यांतलं एक वाक्य फारच बोचरं होतं. ते मी बोलले नाही, याचं मला आजही समाधान आहे.

बरोबर दहा मिनिटांनी फोन आला. “आता मार बटण. आला की सांगतो.” मी बटण दाबलं. पलीकडे बटणाच्या फोनची टुंग ऐकू आली. चाचा एकेक आकडा सावकाश सांगू लागले, मध्ये थांबून, मी टाकला का विचारत. पान उघडलं.

पॉइंट होते. सगळे होते. उलट मला वाटलं होतं त्यापेक्षा थोडे जास्तच होते.

मी खालची यादी बघितली. माझे प्रवास एकामागून एक दिसत होते, आणि ज्या दोन वर्षांत मी विमानात पाऊल ठेवलं नव्हतं तिथंही तीन ओळी होत्या. प्रत्येक ओळीपुढे लिहिलं होतं, भागीदार दुकानातून खरेदी.

“चाचा, हे काय हाय?”

“लॅमिनेशनचे पाउच हायत ते. एकदा शाई मागवली.”

“माझ्या खात्यावर?”

“तुझा फक्त सभासद नंबर लावला. पैसे माझ्या दुकानाचे, माल माझ्या दुकानाचा.” ते अगदी साधेपणानं सांगत होते. “अकराव्याच पानावर खाली लिवलंय. ह्यांच्या भागीदार दुकानातून काई घेतलं तर ती बी हालचाल धरतेत. म्या केली हालचाल.”

“पण पाउच तर तुमी परभणीहून आणता ना?”

“आणतो. तिथून दुसऱ्या दिवशी मिळतेत. हे यायला आठ-दहा दिवस लागतेत. मंग जरा आधी मागवायचं, त्यात काय?”

ज्या माणसानं माझ्यासाठी आठ-आठ दिवस पाउचची वाट बघितली, त्याच्यावर मी भर बाजाराच्या दिवशी ओरडले होते. “माफ करा, चाचा,” मी कसंबसं म्हणाले.

“माफीचं मागून बघू. आधी वहिनीचं तिकीट काढ. पॉइंटावरच्या शीटा थोड्या असतेत, तेबी लिवलंय त्येच्यात.”

खरंच थोड्या होत्या. समारंभाच्या आदल्या दिवशी एकही नव्हती. त्याच्या आधीच्या दिवशी एक होती. परतीची पाच दिवसांनंतर मिळाली. जमलेल्या पॉइंटांत नेमकं एक जाणं-येणं बसत होतं, वर थोडेसे उरत होते. पॉइंट खर्च करायला पुन्हा ओटीपी लागला. या वेळी टुंग ऐकू आली नाही. पडद्यावर वेळ उलटी मोजली जात होती. “रेंज गेली. थांब,” चाचा म्हणाले, आणि मला त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू आला. ते फोन घेऊन दुकानाबाहेर, बाजारात गेले होते. गलका एकदम वाढला. कुणीतरी कोथिंबिरीचा भाव ओरडत होतं आणि त्याच्या वर आवाज चढवून चाचा मला आकडे सांगत होते. शेवटचा आकडा मी टाकला तेव्हा घड्याळात काही सेकंदच उरले होते.

तिकीट झालं. “झालं, चाचा,” मी ओरडले. पलीकडून चाचांचा आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता. ते बाजाराला सांगत होते, “गिरणीवाल्या वहिनीचं विमान झालं!”

हैदराबादपर्यंत बाबा आईला रेल्वेत झोपवून घेऊन आले. विमानतळाच्या दारापासून पुढं ती एकटी. याची मला फार धास्ती होती. चाचांना नव्हती. त्यांनी आईसाठी एक कागद तयार केला होता, ठळक मराठी अक्षरांत, अर्थातच लॅमिनेट केलेला, शाळेच्या ओळखपत्राच्या फितीत अडकवून गळ्यात घालायला. दारावर आधार दाखवा. बॅग इथं द्या. चाकाच्या खुर्चीवाला माणूस येईल, लाजू नका, बसा. त्या शेवटच्या वाक्यावरून आईनं त्यांच्याशी भांडण काढलं होतं म्हणे. “मी काय पांगळी हाय?” चाचांनी उत्तर दिलं होतं, “न्हाई वहिनी, पण रांग लई मोठी असते. दर्जा मिळाल्यावानी सरळ पुढं नेतेत तुमाला.”

गुवाहाटीच्या विमानतळावर मी दरवाज्याकडे टक लावून उभी होते. खुर्ची बाहेर आली तेव्हा तिच्यात माझी आई ताठ बसली होती. गळ्यात फीत, मांडीवर ज्वारीच्या पिठाची पिशवी. खुर्ची ढकलणाऱ्या माणसाला ती मराठीत काहीतरी समजावत होती आणि तोही मान हलवत होता. मला बघून ती उभी राहिली आणि म्हणाली, “विमान म्हंजे आपल्या गिरणीवानीच घरघरते की. मी तर झोपले.”

समारंभ लांबला. विमानातली खुर्ची मागं रेलत होती, इथल्या ताठ खुर्चीत दोन-अडीच तास बसणं तिला शक्य नव्हतं. पदवी घेणाऱ्यांच्या रांगेतून मी तिला शोधत होते. सगळ्यांचे आईवडील बसलेले, आणि माझी आई मागच्या भिंतीला टेकून उभी. नंतर कळलं, ती पहिल्यापासून उभीच होती. गिरणीत उभी राहते तशी, हात पुढं बांधून, काही बिघडत नाही ना हे बघत. माझं नाव पुकारलं तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. पदर तोंडावर धरला. तेवढ्या मोठ्या सभागृहात मला त्या एका माणसाशिवाय कुणी दिसलं नाही. तिचा वाटला तितका अभिमान मला आजवर कुणाचा वाटलेला नाही, तिला माझा वाटला असेल त्याहूनही जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेस्टहाउसच्या खोलीत ती साडीची घडी घालत होती आणि मी तिला चाचांचं कौतुक सांगत होते. पाउच, शाई, अकरावं पान, सगळं. “केवढं केलं बघ, माय, त्यांनी. कुणी सांगितलंबी नव्हतं.”

तिनं घडी गुडघ्यावर ठेवली. “म्या सांगितलं होतं.”

“तू?”

“दर बाजाराला इचारत होते. पिशवी ठेवायची सेंटरच्या दारात अन इचारायचं, भाई, जिवंत हायत का? ते म्हणायचे, हायत वहिनी. मंग भाजी घ्यायला जायची.” ती हसली. “एकदा म्हणले, वहिनी, चाळीस दिवस उरलेत, पोरगी तर विमानात बसून न्हाई राहिली. ते कागद वाचत बसले. मला म्हणले, ह्यांच्या दुकानातून काई घेतलं तरी चालते. मी म्हणले, मंग तुमाला दुकानात काय लागते? तेच घ्या की हिच्या नंबरावर.”

दर आठवड्याला, पाच वर्षं. ऑपरेशननंतर पट्टा बांधूनसुद्धा. “मला काहून सांगितलं न्हाई?”

“तू इसरली होतीस,” आई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. “सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं. अभ्यास करून राहिलतीस तू.”

मी रडले. लपवायचा प्रयत्न केला नाही. तिनं थोडा वेळ मला रडू दिलं आणि मग नेहमीच्या आवाजात विचारलं, “आता किती उरलेत?”

“थोडेच हायत, माय.”

“पण तुला इथंच काम मिळालंय. तू येशील-जाशील, तसे साठतील ना?” तिनं पर्स उघडली आणि एक घडी केलेला कागद काढला. बाबांच्या आधार कार्डाची झेरॉक्स होती. “भाईनं दिलीया. पुढच्या बारीला ह्येंचं नाव लाव.”

मी लॅपटॉप उघडला. खात्याच्या पानावर वरच मोबाइल नंबरचा रकाना होता, बाजूला ‘बदला’ असं लिहिलेलं. आई यायच्या आधी मी ठरवून ठेवलं होतं की समारंभ झाला की पहिलं काम हेच, तिथं माझा नंबर घालायचा. मी तो रकाना सोडून खाली गेले, बाबांचं नाव भरलं आणि बटण दाबलं. पडद्यावर आलं, तुमच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. मी फोन करायच्या आधीच माझा फोन वाजला, आणि पलीकडून चाचा सावकाश, एकेक करत आकडे सांगू लागले.